कोकरांचा जन्म-मृत्यू विभाग

माझी सारी नोकरी जन्म-मृत्यूच्या नोंदी करण्यात गेली. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन अजून चालू आहे. माझ्या सहीनं हजारो बाळांचे दाखले निघाले, पण त्यांतलं एकही बाळ मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आमच्या शाखेत बाळ म्हणजे अर्ज आणि आई म्हणजे त्यातला एक रकाना. बाळ ओलं असतं, लडबडलेलं असतं आणि प्रसंगी त्याला चार पायही असतात, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

ते कळवलं माझ्या मेहुण्यानं. वाळूजला कंपन्यांना सुटे भाग पुरवणारा हा चांगला धडधाकट माणूस २०२० साली पेपरातली एक बातमी वाचून बिघडला. आटपाडीच्या बाजारात सर्जा नावाच्या माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकानं तो दिला नाही, अशी ती बातमी. मेहुण्यानं ती कापून पाकिटात ठेवली. "दाजी, सत्तर लाख! आणि नाही दिला!" सत्तर लाखांपेक्षा 'नाही दिला' यानं तो जास्त भारावला होता. आपणही आयुष्यात एकदा कोणाला तरी सत्तर लाखांना नाही म्हणावं, एवढंच आता त्याचं स्वप्न उरलं.

तो माडग्याळ घ्यायला सांगलीकडे गेला, भाव ऐकून परत आला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाला, "आपण आपलं दख्खनी वाण जपलं पाहिजे." वाणाचा अभिमान बहुधा भाव ऐकल्यावरच जागा होतो.

दख्खनी मेंढी काळी, राठ लोकरीची, दुष्काळात वाळक्या पाचोळ्यावर तगणारी आणि गावंच्या गावं पायी तुडवणारी. आपलं घोंगडं तिच्याच लोकरीचं, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेलं. पुस्तकात तिचे लोणंदी, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे चार पोटभेद दिलेत. मराठवाड्याचं नाव त्यात नाही. अनुशेषाच्या यादीत ही बाब घालायची राहून गेलेली दिसते.

तर शरणापूरकडच्या मोकळ्या रानात, देवगिरीचा किल्ला समोर दिसेल अशा जागी, मेहुण्याचा वाडा बसला. वाडा म्हणजे चिरेबंदी नव्हे. वाघूर, म्हणजे जाळं लावून केलेला मेंढरांचा. राखायला एक धनगर जोडपं आलं, त्यांना सगळे म्हातारबा आणि आजी म्हणतात. नर एकदम सोडले. मेंढी साधारण दीडशे दिवसांनी विते, म्हणजे बाळंतपणंही एकदमच येणार हे उघड होतं. ती आली आणि नेमका त्याच वेळी मेहुणा लेकीच्या बाळंतपणाला टोरांटोला निघाला. एका बाळंतपणासाठी स्वतः साता समुद्रापार गेला आणि बत्तीस बाळंतपणं माझ्यावर सोपवून गेला.

"अरे, मला मेंढीतलं काय कळतं?" मी म्हणालो.

"कळायचं काय त्यात दाजी? आजी सगळं करते. तुम्ही फक्त नोंद ठेवायची. कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, कधी झालं, वजन किती. आयुष्यभर तेच तर केलं तुम्ही! आपल्याला वंशावळीसकट विकायचीत."

बायको भावाच्या बाजूनं उभी राहिली. आमच्या शहराच्या साताऱ्याला खंडोबाचं देऊळ आहे. बाणाईच्या प्रेमापायी देवानंही धनगरवाड्यावर मेंढरं राखली, असं जागरणात सांगतात. देवानं ती बायकोसाठी राखली. माझ्या नशिबी बायकोचा भाऊ आला.

औरंगपुऱ्यातून मी दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि जुन्या सवयीनं रकाने आखले. पहिला फोन पहाटे आला. बॅटरी, रजिस्टर, दोन पेनं आणि मफलर घेऊन पोचलो, तेव्हा आजी जमिनीवर बसून एका ओल्या काळ्या गोळ्याच्या नाकपुड्या बोटानं साफ करत होती. मी पहिल्यांदा कोकरू जवळून पाहिलं. अंगावर पिवळसर चिकटा, पाठीवर लोकरीच्या घट्ट गोल गाठी, कान मानेला चिकटलेले, खुरांची टोकं मऊ मेणाची असावीत अशी पांढुरकी. पाय मात्र पुढच्या वर्षीच्या मापाचे. ते पाय एकेक करून उघडत ते उभं राहिलं, पडलं, उभं राहिलं आणि थेट माझ्या पायजम्याला दूध शोधू लागलं.

आजीनं त्याला उचलून मेंढीच्या तोंडाशी ठेवलं. मेंढी चाटायला लागली. नाळेला आयोडिन लावलं, सडाच्या तोंडाशी चिकट गुठळी असते ती पिळून टाकली आणि कोकराचं तोंड सडाला लावलं. पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे, मग पुढचं सगळं सोपं, असं ती म्हणाली. मी रजिस्टर उघडलं.

"आजी, जन्मवेळ?"

"आत्ताच की."

"आत्ता म्हणजे?"

"कोंबड्याच्या आधी."

लिहिलं. "जन्मस्थळ?"

आजीनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. जन्मस्थळाच्या रकान्यानं मला नोकरीतही छळलं आहे. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर अशी आमच्या गावानं नावं पालटली, आणि अर्जदार एकच असला तरी तीन पिढ्यांच्या कागदांवर तीन गावं. मी 'शरणापूर शिवार' लिहून मोकळा झालो.

"वडिलांचं नाव?"

आजी हसली. म्हातारबाला हाक मारून तिनं माझा प्रश्न त्यालाही ऐकवला. तोही हसला. "खांडात तीन नर हायेत साहेब," तो म्हणाला. "विचारा त्यायला."

आमच्या शाखेत हा रकाना कोरा ठेवता येत नसे. मी 'चौकशी सुरू' असा शेरा मारला.

वजनाचं त्या मानानं बरं चाललं. बाभळीच्या फांदीला ताणकाटा टांगायचा, बाजाराच्या पिशवीत कोकरू बसवायचं, पिशवी काट्याला अडकवायची. दख्खनी कोकरू जन्मतः अडीच-तीन किलोंच्या आसपास भरतं. वेरूळला निघालेले पर्यटक गाड्या थांबवून या दृश्याचे फोटो काढत. एका बाईंनी काच खाली करून भावही विचारला. "किलोवर देता का नगावर?"

खरी गंमत पुढच्या आठवड्यात सुरू झाली. रोज तीन-चार कोकरं होऊ लागली आणि सगळी काळी. थोडं काळं, जास्त काळं असा प्रकार नाही, एकजात काळी. सकाळी मेंढ्या चरायला जात, कोकरं मागं राहत आणि वाघुरीच्या आत नुसता काळा रंग उड्या मारत असे. यातलं कोणतं कोणाचं, हे रजिस्टरात होतं. कोकरावर कुठंच नव्हतं.

बायकोनं गुलमंडीहून रंगीत रिबिनी आणल्या. लाल रिबीन पहिल्या आठवड्याची, हिरवी दुसऱ्या, अशी तिची योजना. कोकरांनी एकमेकांच्या रिबिनी दुपारपर्यंत चघळल्या, आणि गळ्याला फास बसेल म्हणून उरलेल्या आजीनं संध्याकाळी काढून स्वतःच्या नातीच्या वेणीला बांधल्या. मग मी गेरूनं पाठीवर आकडे घातले. आया आपल्या लेकरांना इतक्या निष्ठेनं चाटतात की १ चा ९ व्हायला एक जीभ पुरते, आणि दुसऱ्या जिभेनं ९ चा नुसता डाग होतो. दोन दिवसांत सगळी कोकरं तांबूस काळी झाली.

नातवंडं सुट्टीला आली, त्यांनी नावं ठेवायचा धडाका लावला. ब्रूनो, ओरिओ, थॉर, कटप्पा. चार ब्रूनो निघाले. हाक मारली की चारही येत नसत.

त्यातच एक कोकरू फार घाण दिसतं म्हणून बायकोनं त्याला कोमट पाण्यानं, लहान मुलांच्या साबणानं आंघोळ घातली, टॉवेलनं पुसलं आणि वर पावडर लावली. ते इतकं गोड दिसू लागलं की माझ्यासकट सगळ्यांनी त्याला छातीशी धरून फोटो काढले. आई चरून आली, तिनं शेपटीकडून एकदा हुंगलं आणि त्याला अशी ढुशी दिली की ते पावडरचा ढग सोडत दोन हात लांब पडलं. दुसऱ्यांदा नेलं, दुसरी ढुशी.

"बाई, वास धुतला तुम्ही," आजी म्हणाली.

मेंढी व्याल्यावर पहिल्या तासाभरात चाटून चाटून कोकराचा वास डोक्यात पक्का करते. एकदा तो बसला की दार बंद. मग त्या वासाचंच लेकरू आपलं, बाकी सगळी परकी. आमच्या खात्यात यापुढे बदल ग्राह्य धरला जाणार नाही, असा शेरा असतो, तो मेंढ्यांनी आमच्या फार आधी शोधलेला आहे. आजीनं त्याच मेंढीचं दूध पिळून कोकराच्या पाठीला आणि शेपटीखाली चोळलं, दोघांना कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोपीत एकत्र बांधलं आणि येता-जाता मेंढीचं डोकं धरून कोकराला पाजत राहिली. मेंढीनं अखेर अर्ज मंजूर केला. बायको त्या दिवसापासून वाड्यावर जाताना स्वतःही पावडर लावत नाही.

पुण्याला आयटीत असलेल्या भाच्याला हा सगळा प्रकार मागासलेला वाटला. "मामा, चेहऱ्यावरून ओळखणारं ॲप आहे. फोटो काढा, बाकी ते बघेल." मी रोज वाकून, गुडघ्यांचे आवाज काढत, कोकरांचे समोरून आणि बाजूनं फोटो काढले. ॲपनं पहिल्या कोकराला काळं मांजर म्हटलं, दुसऱ्याला अस्वलाचं पिल्लू. तिसऱ्या फोटोत मागं मी आलो होतो; त्याबद्दल ॲपनं जे मत दिलं ते भाच्यानं मला वाचू दिलं नाही.

चेहरे ओळखण्यात मेंढ्याच माणसाच्या तोडीस तोड आहेत, ही माहितीही त्यानंच पुरवली. इंग्लंडात केंब्रिजजवळच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिलं, की मेंढी पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षं लक्षात ठेवते. २०१७ मध्ये केंब्रिज विद्यापीठानं आठ मेंढ्यांना माणसांचे फोटो ओळखायला शिकवलं आणि त्यांनी बराक ओबामांना बरोबर ओळखलं. मला लग्नात भेटलेल्या माणसाला चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. "काय म्हणता, कसं काय?" एवढ्यावर वेळ मारून नेतो आणि घरी येताना बायकोला विचारतो, हे कोण होते. कधी कधी ते तिचे काका असतात.

अखेर सरकारी बिल्ल्यावर भिस्त ठेवली. १ जून २०२४ पासून आपल्या राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. पिवळा बिल्ला, बारा आकडी नंबर; माझ्या आधारलाही बाराच आकडे आहेत, त्यामुळे मला या योजनेबद्दल पहिल्यापासून आपुलकी. बिल्ले घेऊन आलेला तरुण मुलगा फार भला होता. मोठ्या मेंढ्यांच्या कानात त्यानं टकाटक बिल्ले मारले. कोकराचा कान हातात धरला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, "साहेब, कानापेक्षा बिल्लाच मोठा आहे. थोडं वाढू द्या." नंबर चढवताना मालकाच्या मोबाइलवर ओटीपी गेला. मालक टोरांटोत झोपला होता. मी उठवून विचारला, तेव्हा त्यानं झोपेत नातवाचं वजन सांगितलं.

आता आयांना नंबर होते आणि कोकरांना नव्हते. म्हणजे कोकरू दूध प्यायला ज्या मेंढीखाली जाईल, तिचा नंबर वाचायचा आणि लिहायचा. कागदावर ही पद्धत निर्दोष आहे.

संध्याकाळी मेंढ्या परत येतात तो अर्धा तास प्रत्येक माणसानं एकदा अनुभवावा. तिकडून आया ओरडत येतात, इकडून लेकरं ओरडत सुटतात, मध्ये मी. धुळीत काही दिसत नाही. प्रत्येक मेंढी आपल्या लेकराला हाक मारते आणि प्रत्येक कोकरू समोर दिसेल त्या कासेला भिडतं. मेंढी मान वळवून शेपटीकडून हुंगते. आपलं असलं तर उभी राहते, नसलं तर ढुशी. हे सगळं इतक्या झपाट्यानं चालतं की बारा आकड्यांतले चार वाचून होईपर्यंत अंगत-पंगत बदललेली असते. सहावा आकडा वाचताना एका मेंढीनं माझं पेन खाल्लं.

शिवाय चोरटी असतात. एक गुबगुबीत कोकरू होतं, त्याची युक्ती पाहून मी थक्क झालो. कोणत्याही मेंढीचं स्वतःचं लेकरू बाजूनं प्यायला लागलं, की हे गुपचूप मागून, दोन्ही पायांमधून तोंड घालायचं. तिचं नाक पुढच्या शेपटीशी, त्यामुळे मागची शेपटी तिच्या लक्षात यायची नाही. मी त्याला ज्या ज्या मेंढीखाली पाहिलं, त्या त्या मेंढीच्या नावावर इमानानं चढवलं. वाड्यात तेहेतीस कोकरं होती, बत्तीस मेंढ्यांची, त्यांत एक जुळं. रजिस्टरात महिनाअखेर एक्केचाळीस भरली. आमच्याकडे याला दुबार नोंद म्हणतात आणि त्यासाठी शिधापत्रिका रद्द होते. चोरट्यानं तोवर वजनात सगळ्यांना मागं टाकलं होतं.

त्या एका जुळ्यावरून मेहुण्यानं टोरांटोहून मोठा उत्सव केला. त्याचं असं, की 'शुद्ध दख्खनी'चा जप चालू असतानाच त्यानं सुवर्णा जातीचा एक नरही खांडात घातला होता. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ही मेंढी तयार केली. दख्खनीत बंगालच्या सुंदरबनातल्या छोट्याशा गारोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण उतरवला. या गारोळच्याच पूर्वजांना अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून जहाजानं ऑस्ट्रेलियात नेलं आणि तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत तो गुण त्यांच्याकडूनच गेला, असं संशोधक मानतात. दोनशे वर्षांनी, कोणाच्याही रजिस्टराशिवाय, प्रयोगशाळेत नातं जुळलं. मला धुळीतल्या मायलेकरांचं जुळवता येईना.

"नराचे पैसे पहिल्याच वर्षी वसूल, दाजी!" मेहुणा फोनवर ओरडला. मी पुस्तक वाचून ठेवलं होतं. जुळी होतात ती त्या नराच्या लेकींना, त्याच्या बायकांना नव्हे. हे जुळं नशिबाचं. दख्खनीला क्वचित होतं तसं. जावयाचा गुण नातीत दिसतो, त्यासाठी नात वयात येईपर्यंत थांबावं लागतं. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग म्हणाला, "नेटवर्क जातंय."

मधल्या काळात आजीनं एकदाही रजिस्टर मागितलं नाही. एका संध्याकाळी मी हट्टानं तिची परीक्षा घेतली. कोपऱ्यातून एक कोकरू उचललं, टोपलीखाली झाकलं आणि तिच्यापुढं नेऊन काढलं.

"कोणाचं?"

"खोकलीचं." खोकली म्हणजे सारखी खोकते ती मेंढी.

दुसरं. "चांदीचं. कपाळ बघा की." मी कपाळ पाहिलं. काळं होतं.

तिसरं कोकरू नेईपर्यंत ते ओरडलं, तर पाठमोरीच म्हणाली, "ठेवा ते. कानतुटीचं हाय, आणि सकाळधरून उपाशी हाय."

मी हात टेकले. "आजी, तुम्हाला ही सगळी वेगळी दिसतात तरी कशी?"

"मग काय सारखी दिसत्यात?" तिला खरंच नवल वाटलं. मग चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाली, "मला तुमी शहरातली माणसं वळखू येत नाहीत बगा. तुमचा मेव्हणा कोणचा न् तुमी कोणचे? समदी एकसारखीच. तुमच्या हातात वही असती म्हणून कळतं."

मेहुणा परत आला तो नातवाचे चारशे फोटो घेऊन. सगळे फोटो एकाच बाळाचे आहेत हे त्याच्या शब्दावर मानलं. मग त्यानं रजिस्टर उघडलं, एक्केचाळीस नोंदी पाहिल्या, वाघुरीत तेहेतीस कोकरं मोजली आणि विचारलं, "दाजी, बाकीची आठ कुठायत?" मी त्याला रीतसर लेखी अर्ज करायला सांगितला.

नर कोकरांपैकी काही आता विकायची आहेत. सत्तर लाखांची मागणी अजून आलेली नाही. आली तर मेहुणा नाही म्हणणार आहे, त्याहून कमी आली तर विचार करेल. दख्खनी काळ्या लोकरीला आज कातरण्याची मजुरीही निघेल असा भाव मिळत नाही, तेव्हा लोकर फुकट नेली तरी चालेल, फक्त घोंगडं विणून कोणाला तरी पांघरा. बघायला यायचं तर संध्याकाळी, मेंढ्या परतायच्या आधी या. साबण-पावडर लावून येऊ नका. वंशावळ हवी असेल तर आजीला विचारा, रजिस्टर मागू नका. कोकरू तीन महिन्यांचं होईपर्यंत आजी ते आईपासून तोडून देत नाही, आणि याबाबतीत ती मेहुण्याचं ऐकत नाही, माझं तर नाहीच.